रकाना सातवा

बस, त्या उपड्या उखळावर बस.
खुर्ची आहे, पण तिचा एक पाय माझ्यासारखा आहे,
आणि तू मोंबासाहून इस्त्रीचे कपडे घालून आलीस.

कागद तूच वाच. सावकाश.
स्वाहिलीत वाच, अडलं की गिर्यामात सांग.

हं.
म्हणजे आधीच्या कायद्याला शंभर वर्षांचं तेच पुरातन.
माझा थोरला भाऊ म्वारो जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती,
त्याचा किगांगो रोवून नऊ.
ठाण्यातल्या हवालदाराने बोटं मोजली, हसला,
वहीत लिहिलं: लाकूडचोरी, एक नग.

नग!
स्वप्नात येऊन मागून घेतला होता त्याने तो खांब.
ऐकलं नाही, तर दोन शेळ्या मेल्या,
वहिनीचं दूध आटलं.
मग मी काजू विकले, कोरणारा आणला,
गोल डोकं, अंगभर त्रिकोण, तांबडे नि पांढरे.
पहिली ताडी मीच ओतली पायाशी.
त्या दिवसापासून वहिनीचं पोर रडायचं थांबलं.
हे वहीत कुठे बसतं?

पुढे वाच.

वय कितीही असो?
असं लिहिलंय? खरंच, 'कितीही'?
बोट ठेव बघू त्या शब्दावर. एवढासाच आहे.

आणि आम्हाला म्हणायचे, पुरावा आण.
कुठून आणू? पुरलाय तो, त्या काजूखाली.
आता विचारणार त्यालाच, ज्याच्या दिवाणखान्यात
म्वारो उभा आहे दिव्याखाली, समुद्रापलीकडे:
कुणी दिला, कधी दिला, तू दाखव कागद.
ही ओळ ज्याने लिहिली त्याला माझ्याकडून नारळ दे.
थट्टा नाही. जाताना दोन घेऊन जा.

चौदावं कलम म्हणतेस.
मला आंब्याचं कलम ठाऊक.
लावताना सगळे फोटो काढून घेतात,
मग पाच वर्षं शेळ्यांपासून राखायला कुणी नसतं.

बरं, लिही.
उंची: माझ्या खांद्याएवढा.
तेव्हाच्या खांद्याएवढा, तसं लिही.
फोटो: हा एकच. लस टोचायला आलेल्या नर्सने काढला होता.
मधे शेळी आहे, ती सोड.
डाव्या कोपऱ्यात, हां, तो अर्धा.
चोरी कधी: पाऊस लांबला त्या साली,
पहाटे अंगणात खड्डा होता आणि त्यात कोंबडी बसलेली.

सातवा रकाना.
विकणाऱ्याचं नाव.

शिक्षा किती म्हणालीस त्याला?
पुन्हा वाच.

त्या साली या वाडीत एकच नवी सायकल आली.
कुणाच्या दारात उभी होती ते विचारू नकोस.
तुझ्या पाठीमागे आहे, भिंतीला टेकलेली. चाकं गेली.
आता तो मालिंदीला हॉटेलात भांडी घासतो,
महिन्याला साखर पाठवतो. तुझ्या चहात तीच आहे.
विकणारा एकदाच विकतो गं,
मग विकत राहतात ते दुसरे, गोरे नि काळे,
त्यांच्यासाठी किती रकाने आहेत?
नाही, रागावले नाही.
सातवा कोरा ठेव.

एक विचारू?
परवा आलेल्या माणसाने सांगितलं,
तिकडे लाकडाला औषध चोपडतात,
कधीच वाळवी लागत नाही.
फार अभिमानाने सांगत होता.
त्याला मी काही बोलले नाही. तुला सांगते.
वाळवीनेच खायचा असतो तो.
हळूहळू, पावसात, आमच्या डोळ्यांदेखत,
मग एक दिवस नुसती माती आणि म्वारो सुटला.
परत आणून काचेत ठेवाल, तर तो तिथेही उभाच.

ते औषध धुऊन निघतं का,
तेवढं विचार तुझ्या साहेबांना.
लिहून घे. कुठेही लिही.
सातव्यात जागा आहे.