उष्टा श्वास

स्टोकच्या इस्पितळात तळमजल्यावर माझी खोली.
खिडकीबाहेर पार्किंग, त्यापलीकडे
बाटलीच्या आकाराची एक जुनी भट्टी;
धूर बंद झाला, आता तिच्यातून पारवे निघतात.

साडेआठला कोलक्लफ आले.
वय एकाहत्तर. रात्रीपासून उपाशी.
चाळीस वर्षं कपबशांच्या कडा घासल्या,
पांढऱ्या भुकटीत. ती अजून छातीत घरघरते.
"दुखतंय पोट, आणि तुम्ही फुंकायला नळी देताय?"

हो म्हटलं. आत जो बिऱ्हाड करून बसलाय
भर आम्लात,
तो युरिया फोडतो. त्याचा वायू रक्तात,
रक्तातून फुप्फुसात, तिथून ह्या नळीत.
ओठात एक, पोटात एक
असं इथे चालत नाही, मिस्टर कोलक्लफ.

पहिली फुंकर खोकल्यात गेली. दुसरीही.
तिसरी मिळाली. चिठ्ठी चिकटवली: आधीचा.
मग लिंबाच्या चवीचं पाणी, एक गोळी,
आणि अर्धा तास.

अर्ध्या तासात माणूस कुठून कुठे जातो.
बर्स्लेममधली एक खोली, सात भावंडं, एक पलंग.
आई घास स्वतःच्या तोंडात निववायची,
मग पाळीपाळीने एकेकाच्या.
"तिथूनच आला असणार हा भाडेकरू."
थांबून म्हणाले, "डॉक्टरीणबाई म्हणतात
ह्याचा आणि माझ्या दम्याचा काही संबंध असेल.
हा गेला तर जिना चढता येईल मला?"

मी वाचलं होतं तेवढंच सांगितलं:
संबंध दिसतो. कारण सापडलेलं नाही.
ते हसले, "माझं आणि भावाचंही तसंच."

एक गोष्ट मात्र मी पोटात ठेवली.

काही कागद उलटंही म्हणतात.
लहानपणीच हा ज्यांच्या पोटात शिरला
त्यांना दमा कमी होत असेल. कदाचित.
तो 'कदाचित' मी रात्री ओट्यापाशी उभ्याने वाचते,
वरच्या खोलीत निषादची छाती शिट्टी वाजवत असते
आणि उशाशी त्याचा निळा पंप.

माझ्यात होता हा. शिकताना स्वतःवरच चाचणी केली,
आकडा बघून बाई म्हणाल्या, वा!
भुसावळला एका ताटात आम्ही चौघी,
कुणाचा हात कुठला, कळायचं नाही.
इथे पोराचा चमचा मी उकळून घेतला.
माझं उष्टं त्याला कधी दिलं नाही.
बरोबरच केलं. सगळे तेच सांगत होते.
त्याचं पोट नव्या कपासारखं स्वच्छ आहे.

ह्या दोन वाक्यांमध्ये रेघ मारायची नाही,
हे मी स्वतःला बजावते.
माझं काम चिठ्ठ्या लावण्याचं.

"झाला का अर्धा तास?"
त्यांनी फुंकलं, ह्यावेळी एका दमात.
नळी हातात कोमट लागली.
नाव, वेळ, चिठ्ठी: नंतरचा.
कोट घालताना विचारलं, ओटकेक कुठे मिळेल,
भूक लागलीय.

संध्याकाळी मीही चार ओटकेक घेतले, चीज घालून.
निषादने निम्मा खाल्ला,
दातांच्या खुणांसकट पुढे केला. आई, खा ना.
माझ्या गोळ्या संपून सहा वर्षं झाली,
आता माझ्यात काही नाही, कागद आहे तसा.
तरी माझं मी त्याला देत नाही.
त्याचं खाते.