चौदा, ऐकतोयस का

डुलुथमध्ये रात्री अकरानंतर
माणसं मला फक्त आवाजानं ठाऊक असतात.
खिडकी नाही माझ्या खोलीला.
चार पडदे, हेडफोन, एका पायानं लंगडी खुर्ची,
आणि कानात अख्खं शहर:
कुणाचं धुराडं पेटलंय, कुणाचा नवरा,
कुणाला नुसतंच विचारायचंय, उजाडतं किती वाजता.

गाडी नंबर चौदा. व्हर्लिन ओस्टबी.
अकरा वर्षं त्याचं "पोचलो" ऐकतेय मी.
शेवटच्या अक्षरावर जरा रेलून,
दाराच्या चौकटीला टेकून उभं राहावं तसं.
नऊ जानेवारीनंतर
ते "पोचलो" ताठ उभं राहायला लागलं.

नऊ तारखेला सरोवरावरचा बर्फ फुटला होता.
पत्ता मीच दिला त्याला.
मुलाचं वय मीच सांगितलं. सात.
नंतर तो रेडिओवर जे बोलला
ते नियमाबरहुकूम, शब्द न् शब्द.
दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर, इस्त्रीची घडी जागच्या जागी.
कॅप्टन म्हणाले, लोखंड आहे माणूस.
मी खनिजाच्या बोटींवर राबलेल्या बापाची पोर,
लोखंड थंडीत कसं तडकतं
ते मला कुणी सांगू नये.

आमच्या भिंतीवर पोस्टर आहे: 'बोला'.
त्याच्यासमोर उभे राहून सगळे गप्प कॉफी ओततात.
बोललं की बिल्ला जातो, असं प्रत्येकाला
कुणीतरी सांगितलेलं असतं,
आणि तो कुणीतरी कधी सापडत नाही.

फेब्रुवारीत, पहाटे पावणेचारला, तो खाली आला.
हातात मासेमारीचं ड्रिल, बर्फाला भोक पाडायचं.
मला कधी हातसुद्धा लावू दिला नव्हता त्याला.
"भाच्याला दे तुझ्या. मला आता नाही लागणार."

परक्यांना हा प्रश्न मी आठवड्यातून दोनदा विचारते,
आवाज न हलवता.
आपल्या माणसापुढे जीभ टाळ्याला चिकटली.
मग विचारलंच, आडवळण न घेता:
"व्हर्लिन, जीव द्यायचं मनात आहे का?"

दोन लाइनींवर दिवे लुकलुकत होते,
ते मार्गिटनं घेतले, न सांगता.
तो ड्रिलच्या मुठीकडे बघत म्हणाला,
"हो."
पूर्वी "पोचलो" म्हणायचा तसं.
जरा रेलून.

मी काही शहाणं बोलले नाही.
बस म्हटलं. लंगडी खुर्ची त्याला दिली.
आर्विड हाकालाला फोन लावला, निवृत्त सार्जंट,
जो कधीकाळी स्वतः असाच बसला होता कुणाच्या तरी खुर्चीत.
तो आला पायजम्यावर बायकोचा कोट चढवून.
पिस्तूल मागितलं, घरच्या कपाटाची किल्ली मागितली,
"काढून घेत नाहीये, सांभाळतोय,"
आणि डोनटच्या पिशवीवर रीतसर पावती लिहून दिली.
व्हर्लिन हसला. मग बराच वेळ रडला.
उजाडताना दोघं डॉक्टरकडे गेले.
माझ्या कानात कुणाचा तरी कुत्रा हरवला होता.

बरा झाला असं एवढ्यात म्हणू नका.
गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं त्याचं.
मंगळवारी बोलायला जातो, कधी चिडून परततो.
बिल्ला आहे. गाडी नाही, सध्यापुरती.
माझ्या शेजारी बसून फोन घ्यायला शिकतोय,
गल्ल्यांची नावं चुकीची लिहितो.
एकदा त्या मुलाचं नाव तो मोठ्यानं बोलला.
मग मीही बोलले. तेव्हा कळलं,
माझ्याही घशात ते जानेवारीपासून होतं.

मे महिना. सरोवर मोकळं झालंय,
पहिल्या बोटीचा भोंगा ऐकला आम्ही.
"माझं ड्रिल कुठाय?"
"डिकीत."
"भाच्याला दिलं नाहीस?"
"त्याला मासे आवडत नाहीत."
त्यानं चुकलेली एक गल्ली खोडली, नीट लिहिली.
"पात्यांना तेल लावायला हवं," म्हणाला,
"डिसेंबरच्या आत."