अंतर्गत मूल्यमापन

विषयाचं नाव ‘गैरवर्तन : स्वरूप आणि कारणं’.
चार क्रेडिट, सोमवार-गुरुवार साडेअकरा,
घुमटामागची खोली, जिथे पंख्यापेक्षा
कबुतरंच जास्त फडफडतात.
मी तो घेतला कारण भाषाशास्त्र भरलं होतं.

पारिख मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
खून-दरोडे पोलिसांकडे. आपण बारीक गोष्टी बघू.
रांगेत घुसणं. उसनं आणलेलं पुस्तक विसरणं.
दुसऱ्याचं वाक्य आपल्या वाक्याने पुसून टाकणं.
आम्ही सगळं उतरवून घेतलं
जसं काही ते शेजाऱ्यांबद्दल आहे.

पहिला गृहपाठ : आठवडाभर रोजनिशी. वाईट दिसेल ते.
मी बडोदाभर फिरले स्कूटीवरून, हावरटासारखी.
दांडिया बाजारात उलट्या बाजूने आलेला टेम्पो.
सूरसागरच्या कठड्यावर पिचकारी, ताजी, अजून ओघळणारी.
विश्वामित्रीच्या पुलावरून मगरीला दगड मारणारे
दोन इस्त्रीचे शर्ट. मगर हललीही नाही.
ते मी अधोरेखित केलं.
नोंदी त्रेचाळीस. वीसपैकी अठरा.
समासात मॅडमची बारीक पेन्सिल :
‘निरीक्षण उत्तम. तू कुठे होतीस?’

मला वाटलं, पत्ता विचारतायत.

कँटीनमध्ये होते, मॅडम.
बुधवारी. त्या दिवशी सकाळी नरेश राठवाने
उभं राहून निबंध वाचला होता.
कवांटकडचा, हजेरीत माझ्या लगेच पुढचा.
समाजाला हमाज म्हणाला, संस्काराला हंस्कार.
वर्गात कुणी हसलं नाही.
वर्गात आम्ही फार चांगले असतो.

दुपारी मी ते करून दाखवलं. हमाज. हंस्कार.
खांदे पाडून, मान त्याच्यासारखी कलती ठेवून.
नक्कल मला लहानपणापासून येते.
टेबल हसलं, म्हणून पुन्हा केलं, थोडं वाढवून.
मग तृषाचा चेहरा बदलला
आणि मला कळलं, मागे कोण उभं आहे.

त्याने सेव-उसळीची प्लेट आमच्याच टेबलावर ठेवली,
रिकामी जागा दिसली की ठेवतात तशी,
आणि गेला. पैसे आधीच दिलेले.
तर्री थंड होत वरती लाल साय धरायला लागली.
कुणीतरी पाव उचलला.

कुणीतरी नाही. मी.

पुण्यात आतेबहिणीच्या लग्नात
मी म्हणाले होते, गाडी बाहेर मुकली आहे,
तर जिलबी येईपर्यंत पंगत हसत होती.
मुकली! अगं, मुकली काय!
मी मोरीत जाऊन दोनदा तोंड धुतलं.
मॅडमच्या शास्त्रात हे कारण म्हणून धरता येईल,
युनिट तीन : ज्याला टोचलं, तो टोचतो.
पेपरात लिहिलं तर पाच गुण कुठे जात नाहीत.
पण त्या टेबलावर मला पुणं आठवलं नव्हतं.
मजा आली होती.
नुसती, उन्हात पाय पसरून बसल्यासारखी मजा.
त्याचं युनिट नाही.

आता हजेरीला मॅडम छत्तीस म्हणतात, मी हो म्हणते.
सदतीस म्हणतात,
कबुतरं.

परवा, शनिवारी, तो लायब्ररीच्या पायऱ्यांवर भेटला.
मी काहीतरी बोलायचं ठरवलं होतं, ते बोलले नाही.
उलट त्यानेच विचारलं, युनिट तीनची वही मिळेल का.
अडखळत, वाटेत काच पडली असावी
तसा बघून बघून शब्द टाकत.
मी वही दिली. परत कधी देशील?

‘रविवारनंतर,’ म्हणाला.

मांडवीच्या गर्दीत ब्रेक दाबताना मला ते कळलं.
मागचा रिक्षावाला गुजरातीत शिव्या देत होता,
मी रस्त्याच्या मधोमध उभी,
रविवारनंतर.
रविवारनंतर.