झूल

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या मागे,
केरबा जिनगर आधी शटर अर्धे ओढून घेतो,
मगच हात पुढे करतो.
"लायसन?"
दाखवते. त्यावर दादाचे नाव. दादा आता नाही.
कमिशनर ऑफिसात माझे नाव चढवायचे आहे
आणि फॉर्मात एक रकाना रिकामा आहे :
बनावटीचे साल.

साल आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.
मानमोडीचे साल.
भीमाशंकरच्या रानात आजोबांनी वाघ लोळवला
तो हिच्याच तिसऱ्या नळीने.
गोदूआत्या तर वाघ किती पावले धावला तेही सांगायची,
आणि दर दिवाळीला दोन पावले वाढायची.

"माझा बाप हिला तिनळी म्हणायचा," केरबा म्हणतो.
वर दोन छऱ्याच्या, खाली पोटाशी एक गोळीची.
मुठीवरची कळ तो अंगठ्याने पुढे ढकलतो
आणि नळ्यांच्या मधून
इवलीशी माशी टुणकन उभी राहते.
इतकी वर्षे घरात होती,
मला ठाऊक नव्हते हिला पापणी आहे.

पुढचे लाकूड निघते. नळ्या निघतात.
तेलाचा बोळा फिरतो
आणि पोटाखालच्या सपाट जागेवर
गोंदण उमटते.
केरबा घड्याळजीचे भिंग डोळ्यात अडकवतो.
"जर्मन एक शब्द येत नाही मला. एवढे येते."
मुकुटाखाली यू : तपासली.
मुकुटाखाली एस : छऱ्याची.
डब्ल्यू : तोंडाशी आवळलेली.
जी : आत आटे पाडलेली, ही तिसरी.
"गाव?"
"झूल."
मला हसू येते. झूल?
नंदीबैलाच्या पाठीवर असते ती?
"तेच म्हणतात. बंदुका बनवणारे गाव आहे."

मग तो गंधक वितळवतो,
तिसऱ्या नळीच्या घरात ओततो.
दुकानभर खरजेच्या मलमाचा वास.
थंड झालेली पिवळी कांडी बाहेर निघते,
व्हर्नियरच्या दाढेत धरतो :
नऊ पूर्णांक तीन. लांबी बहात्तर.
पाटीच्या मागे पेन्सिलीने लिहितो, घाई न करता,
जशी वाण्याची उधारी.

"आणि हे आकडे?" मी विचारते.
चार. थोडी जागा. सत्तावीस.
"महिना आणि साल. एप्रिल सत्तावीस."
कुठले सत्तावीस?
"शतक ते लिहीत नाहीत. मुकुट आहे ना,
म्हणजे एकोणीसशे.
राजा गेल्यावरही वीस वर्षे
मुकुटच ठोकत होते ते लोक.
सवय."

वाघ मेला तेव्हा
ही बंदूक जन्मलीच नव्हती.

केरबाला वाघाचे मी काही सांगितलेले नाही.
तो नळीत बल्ब सोडून बघतो, मला बघायला देतो :
आटे एकमेकांत गुंतत लांब जाणारे,
कडा अजून नव्या पात्यासारख्या.
"ही नळी उडालेली नाही, बाई.
कारखान्यात तपासणीचे बार झाले असतील, तेवढेच."

घरी येऊन फोटो भिंतीवरून काढते.
वाघ, वाघावर आजोबांचा बूट,
हातात, नीट पाहिले तर, छडी.
एवढ्या वर्षांत एवढे कुणी पाहिले नव्हते.
मागचा पुठ्ठा सोडवते.
फ्रेममध्ये बसावा म्हणून फोटो कडेला दुमडलेला :
दुमडीत एक माणूस, गुडघ्यापर्यंत धोतर,
खांद्याला ठासणीची बंदूक, तारेने बांधलेली.
तो कॅमेऱ्याकडे बघत नाही.
वाघाकडे बघतो आहे.
मागे शाईने आजोबांचे नाव, गावाचे नाव, तारीख.
त्याचे नाही.

गोदूआत्या असती तर म्हणाली असती
हाकारा करणारा असेल कुणी.
असेलही.

फॉर्म भरते. बनावटीचे साल : १९२७.
वाघाचे साल
त्यांनी विचारलेले नाही.
फोटो पुन्हा दुमडायला जाते
पण जुनी घडी उलगडल्यावर कागद
तिथेच तडकतो,
म्हणून तसाच सोडते, टेबलावर,
वर पेपरवेट :
गंधकाची ती पिवळी कांडी,
केरबाने "ठेवा" म्हणून दिलेली.