शून्य लावताना

दर सहा आठवड्यांनी मी यंत्रांना शून्य शिकवतो.
रुवैसमध्ये, पहाटे चारला, ऊन जागं व्हायच्या आत.
पिवळ्या डबीला आधी स्वच्छ हवा द्यायची,
तीही सिलिंडरमधली, बाहेरच्या हवेवर कंपनीचा भरवसा नाही,
आणि सांगायचं: हे बघ, याला काही नाही म्हणतात.
मग दहा लाखांत पंचवीस दाणे विष,
आणि सांगायचं: हे पंचवीस.
डबी ऐकते. आकडा थरथरतो, बसतो.
मी वहीत सही करतो, दि. वि. साळसकर,
आणि पुढच्या खांबाकडे जातो.

मला शून्य कोणी लावलं, आठवत नाही.

या वायूचा स्वभाव पहिल्याच दिवशी सांगतात,
सात भाषांत, चित्रं दाखवून:
थोडा असला की नासक्या अंड्यासारखा येतो,
लोट्याच्या नाल्यासारखा, ओळखीचा.
फार झाला की वासच मरतो.
वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नका,
नाक गेलेलं असतं.
खेडचा पारकर तेव्हा हसला होता.
"म्हणजे बरं वाटायला लागलं की पळायचं?"
शिकवणारा हसला नाही. हो, म्हणाला.

फेब्रुवारीत एकदा समुद्रावरून धुकं चढलं,
इतकं की फ्लेअरची ज्योत कुठे ते कळेना,
नुसतं सगळीकडे नारिंगी.
कॉम्प्रेसरपाशी मला तो वास आला, क्षणभर,
मग नाही.
चला, म्हटलं, वाऱ्यानं नेला.
छातीवरची डबी किंचाळत होती.
आणि मी, हे मी चौकशीत सांगितलं नाही,
मी तिच्यावर चिडलो.
बिघडलीये, म्हटलं.
तिला मीच शिकवलं होतं, गेल्याच मंगळवारी,
तरी खरं वाटलं ते नाक.
पारकरनं कॉलर धरून मला वाऱ्याच्या तोंडाकडे फरफटत नेलं.
डबीवर एकशे साठ.
माझ्या नाकात सकाळ, ओलं सिमेंट,
काही नाही.

ऑगस्ट संपताना खल्फान टँकरच्या टपावर बसून
दक्षिणेकडे बोट करतो: सुहैल.
आता उन्हाचा माज उतरणार.
मला फ्लेअरच्या उजेडापुढे तारा दिसत नाही.
"मलाही नाही दिसत," तो म्हणतो, "पण आलाय."
आमच्याकडे त्याला अगस्ती म्हणतात, मी सांगतो,
समुद्र प्यायला होता त्यानं.
"सगळा?"
सगळा.
खल्फान खाली पसरलेल्या काळ्या पाण्याकडे बघतो,
मग माझ्याकडे.
"मग हे काय आहे?"

रात्री कणकवलीला फोन लागतो.
विशाखाचा आवाज अर्धा क्षण मागून येतो,
विजेमागून गडगडाट यावा तसा.
काय चाललंय?
"काही नाही. तुमचं?"
काही नाही.
चौदा वर्षं आम्ही एकमेकांना हाच आकडा देतो.
आधी तिच्या "काही नाही"ला एक आंबूस कड असायची,
मी ओळखायचो, विचारायचो, भांडण व्हायचं.
अलीकडे नसते.
अलीकडे मला फार बरं वाटतं.

सिलिंडरला प्रमाणपत्र असतं.
कोणीतरी तपासला, त्या कोणालातरी कोणी तपासलं,
शिक्क्यावर शिक्का.
सगळ्यात आधी कोणी, काय हुंगून ठरवलं
की हे निव्वळ, हे स्वच्छ,
ते त्यावर नसतं. जागाही नसते.

काल मी तिला विचारलं,
काही नाही म्हणजे किती?
अर्धा क्षण गेला.
आणखी एक गेला.
फोन चालू होता, सेकंद पुढे सरकत होते,
पलीकडे कुणीतरी स्टूल ओढलं
आणि बसलं.