पोर्ट आठ हजार ऐंशी

परळच्या रक्तपेढीत, जुन्या शीतगृहाच्या खोलीत
रात्री अकराला मी सर्व्हर मांडायला बसले.
मांडायला, म्हणजे चूल मांडतात तसंच :
आधी जागा पुसायची,
मग तिन्ही दगड हलतायत का बघायचं.
एक जावा, एक टॉमकॅट,
आणि एक डेटाबेसचा पासवर्ड,
जो घाडीगावकरांच्या वहीत
चहाच्या उधारीखाली पेन्सिलीनं लिहिलेला होता.

पहिल्याच फटक्याला नकार : पोर्ट वापरात आहे.
कोण बसलंय तिथं?
शोधलं, तर हजेरीचा प्रोग्राम,
दहा वर्षांपूर्वी कुणा तळाशीलकरनं चालू करून दिलेला.
तळाशीलकर मस्कतला गेला,
अंगठ्याचं यंत्र भंगारात गेलं,
हा मात्र रोज सकाळी नऊला विचारतो, कोण आलं?
आणि कुणी नाही, असं स्वतःच लिहून ठेवतो.
साडेतीन हजारांवर ओळी. सगळे गैरहजर.
मारण्याआधी मी शेवटची ओळ वाचली.
उगाच. कुणीतरी वाचायला हवी होती.

मग नव्या सेवेला वेगळं खातं काढलं,
हक्क जेमतेम : आपल्या फोल्डरात लिही, बाकी हात लावू नकोस.
कामाला लागलेल्या माणसाला
पहिल्याच दिवशी कपाटाची किल्ली कोण देतं?

काम तरी काय, एवढंसं :
शहरातल्या कुठल्याही इस्पितळानं विचारायचं,
अमुक गटाच्या पिशव्या किती?
आपण आकडा सांगायचा.

दीडला लॉगमध्ये उमटलं : सुरू. सतरा सेकंद.
नजमा तडवी पाळीवरून डोकावली,
पडद्यावर बोट ठेवून म्हणाली,
मॅडम, ही पिशवी बारालाच मेली.
तुमचं यंत्र हिला जिवंत म्हणतंय.

बघितलं. यंत्राच्या घड्याळात अजून काल होता.
ग्रिनिचचा काल, साडेपाच तास लांबलेला,
आणि त्या साडेपाच तासांत
कुणाच्याही शिरेत काहीही जाऊ शकलं असतं.
हात गार पडले. एसीनं नव्हे.
वेळेची यादी उघडली. मुंबई नाहीच तिच्यात.
एकेकाळी या शहराची स्वतःची वेळ होती,
एकोणचाळीस मिनिटं मागे, हट्टानं सांभाळलेली.
मी निमूट कोलकाता निवडलं.
पिशवी यादीतून गेली.
नजमानं ती उचलून लाल डब्यात टाकली, नोंद केली,
आणि डबा खाऊन घ्या म्हणाली.

चार वाजून दहा मिनिटांनी पहिली खरी विचारणा.
चेंबूरहून. गट : बॉम्बे.
शहराचं नाव बदललं, ह्या गटाचं नाही.
तपासणीत ओ वाटणारं, पण ओसुद्धा न सोसणारं रक्त.
सर्व्हरनं एक क्षणही न लावता उत्तर दिलं,
दोन चौकोनी कंस, मध्ये काही नाही.
स्थिती दोनशे. म्हणजे सगळं ठीक.
रिकामी यादी हे बरोबर उत्तर असतं,
हे मीच दुपारी लिहिलं होतं, चाचणीही लिहिली होती,
ती हिरवी झाल्यावर खूशही झाले होते.

घाडीगावकरांना उठवलं.
त्यांनी चष्मा शोधला, तीच वही उघडली,
उधारी, पासवर्ड, त्याच्या पुढच्या पानावर सात नावं.
दोन नंबर बंद. एक बाई बाळंतीण.
एक जण म्हणे कधीच वारला, मुलगी बोलली,
तरी तिनं विचारलं, माझं चालेल का तपासून?
पाचवा, हेरंब चोणकर, भायखळ्याला भाजी उतरवत होता.
टेम्पो लावतो आणि येतो, म्हणाला,
गट विचारला नाही, कुणासाठी तेही नाही.

आला तेव्हा बाहीला कोथिंबिरीची माती होती.

आता साडेसहा. पिशवी एक, नजमाच्या टेबलावर.
सेवा अजून शून्यच सांगतेय. सांगू दे.
तपासणी संपेपर्यंत तेच खरं आहे.
चेंबूर दर पाच मिनिटांनी विचारतंय,
आणि लॉगमध्ये प्रत्येक विचारणेची ओळ पडतेय,
वेळेसकट. बरोबर वेळेसकट.