साडेतीनशेचे

गोखले रोडवरून आणले, साडेतीनशेला.
सोबत रबरी टोप्यांच्या तीन जोड्या:
धाकटी आत रुतते, थोरली गळून पडते,
मधली डाव्या कानात बसते, उजव्यात नाही.
माणसाचे दोन कान सारखे नसतात
हे साठीनंतर कळलं.

केतकी म्हणते, बाबा, नुसता धबधब बास आहे,
वरचं काहीच नाही. झांज येते का ऐकू?
मी म्हणतो, येते.

येत नाही.
वागळे इस्टेटला एकतीस वर्षं
पॉवर प्रेसपाशी उभा होतो,
कानात कापसाचे बोळे.
वरचे सूर पत्र्याच्या कातरणाबरोबर
केव्हाच भंगारात गेले.
तिच्या आठ हजारांच्या जोडीतही
माझ्यासाठी झांज नाही. लावून पाहिलीये,
ती क्लासला गेली होती तेव्हा.

आता वायर पिनेपाशी मोडली आहे.
अंगठ्याने जराशी वाकवून धरली
की डावी बाजू परत येते.
हे मला जमतं. प्रेसचं पेडलही
एका कोनातच ऐकायचं.

केतकी दारातून काहीतरी विचारते आहे,
बहुधा नवे घ्यायचे का, असं.
डग्गा घुमतोय.
मी अंगठा न हलवता
मान डोलावतो.